गोचीड टिकले, गिधाडं गेली, मग नालायक कोण?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात वाचकांच्या पत्रांत एक पत्र आलं होतं, विषय होता चांदोलीत ताडोब्याची वाघीण आणून सोडली तो, पण लिहिणाऱ्या साहेबांनी वाघिणीवरनं गाडी सरळ डार्विनवर नेली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की तुम्ही विज्ञानवाले एकीकडं म्हणता जो लायक तो टिकतो आणि बाकीचे जातात, आणि दुसरीकडं जे जायला निघालेत त्यांच्यासाठी कोट्यवधी रुपये मागता, तर मग एकतर उत्क्रांती खोटी आहे म्हणा, नाहीतर हे वाघ, माळढोक, गिधाडं सगळं निसर्गनियमानं जाऊ द्या. पत्र चटपटीत होतं, आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरलं, दुकानात चहाला थांबलेल्या दोघांनी मला ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि ‘आता बोला’ म्हणून तोंडाकडं बघत बसले. तर बोलतो, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

माझं पाटणला जनावरांच्या औषधांचं दुकान आहे. मी काय शास्त्रज्ञ नाही, बी.एस्सी. करून धंद्यात बसलेला माणूस, पण उत्क्रांती माझ्या काउंटरवर सारखी येते, फक्त त्या नावानं येत नाही, गोचिडाच्या नावानं येते. ‘आवं, मागच्या साली हेच मारलं तवा गोचीड पटापटा झडले, औंदा ढिम्म हालंनात, औषध डुप्लिकेट आलंय का?’ असं विचारणारा दिवसाआड एकतरी असतोच. औषध बहुतेक वेळा डुप्लिकेट नसतं. (कधी कधी असतंही, पण तो वेगळा विषय, त्यावर वेगळं पत्र होईल.) होतं असं की गोठ्यातल्या हजारो गोचिडांत थोडे असे असतात ज्यांच्या अंगात जन्मतःच त्या औषधाला दाद न देण्याची काहीतरी सोय असते, सायपरमेथ्रीन मारलं की बाकीचे मरतात आणि हे थोडे उरतात, आता त्यांना रान मोकळं, आणि गोचिडाची एक मादी दोन-तीन हजार अंडी घालते, दोन-अडीच महिन्यांत पुढची पिढी अंगावर चढायला तयार, मग आपण परत तेच औषध आणतो, परत कच्चे मरतात आणि पक्के उरतात, काही वर्षांत अख्ख्या गोठ्यात त्याच वाणाचे गोचीड. त्यात आपली माणसं दोन गायींचं औषध पाणी वाढवून पाच गायींना पुरवतात, त्यानं तर त्यांची अजूनच चांगली तालीम होते. माकडाचा माणूस होताना कुणी बघितला असं जे विचारतात त्यांनी माझ्या दुकानात येऊन एक पावसाळा काढावा, चहा माझ्याकडून.

आता ह्याच कपाटातली दुसरी गोष्ट. डायक्लोफिनॅक. जनावर लंगडतंय, ताप आहे, अंग सुजलंय, टोचा डायक्लो, स्वस्त आणि लगेच आराम, १९९० नंतर खेडोपाडी हेच चालायचं. ते टोचलेलं जनावर एकदोन दिवसांत मेलं आणि गावाबाहेर टाकलं की गिधाडं उतरायची, मांस खायची आणि त्यांच्या किडन्या बंद पडायच्या. शवविच्छेदन केलं तर आतल्या अवयवांवर खडू फासल्यागत पांढरा थर, युरिक ॲसिडचा. एका मढ्यावर पन्नास-शंभर गिधाडं बसतात, त्यामुळं शंभर मेलेल्या जनावरांत एखाद्यात जरी औषध असलं तरी अख्ख्या देशातली गिधाडं साफ व्हायला तेवढं पुरतं, आणि तसंच झालं. पांढऱ्या पाठीचं गिधाड १९९२ ते २००७ एवढ्या काळात हजारात एक उरलं. कारण काय ते २००४ ला कळलं, २००६ ला जनावरांसाठी डायक्लोवर बंदी आली, मग लोक माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या नेऊन जनावरांना टोचायला लागले, म्हणून २०१५ ला माणसांचीसुद्धा मोठी बाटली बंद करून ३ मिलीची केली.

आता पत्रलेखक साहेबांच्या हिशेबानं बघू. गोचीड टिकले म्हणजे लायक, गिधाडं गेली म्हणजे नालायक. पण गिधाड म्हणजे असा पक्षी की काळपुळीनं मेलेलं, सडलेलं, ज्याला कुत्रंसुद्धा तोंड लावताना विचार करेल ते पचवून वर बसतो, लाखो वर्षं त्यानं हे काम बिनपगारी केलं. त्याच्या पोटात सगळ्याची तयारी होती, फक्त फॅक्टरीत तयार झालेल्या एका पेनकिलरची नव्हती, आणि ती असायचं काही कारणही नव्हतं. बरं, औषधाला तोंड देणारी चार गिधाडं निघाली असती तरी काय? गिधाड वर्षाला एक अंडं घालतं, पिल्लू वयात यायला पाचेक वर्षं. म्हणजे गोचिडाच्या वीस-पंचवीस पिढ्या होतात तोवर गिधाडाची एक. ज्याची पिढी दोन महिन्यांची आणि पोरं हजारोंनी त्याला बदलायला वेळ मिळतो, ज्याची पिढी मोठी आणि पोरं मोजकी त्याला तुम्ही दहा वर्षांत जग बदलून दिलं की तो संपतो, ह्यात लायकीचा प्रश्न येतो कुठं? आणि ह्याचा धडधडीत परिणाम असा की आपण ज्यांना मारायला बघतो ते गोचीड, डास, झुरळं, बोंडअळी मजेत राहणार आणि वाघ, हत्ती, गिधाड, माळढोक जाणार. उत्क्रांती नीट समजलेल्या माणसाला हे आधी दिसतं, म्हणून तो आधी ओरडतो. साहेबांना ह्यात दोन तोंडं दिसली, मला तर एकच दिसतंय.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा आणि तो सांगायला मला पाटण सोडून लांब जावं लागत नाही. ११ डिसेंबर १९६७, पहाटे, कोयनेचा भूकंप. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, घरं पडली, थंडीचे दिवस. भूकंप का होतो तर जमिनीच्या पोटात ताण साठतो आणि सुटतो, हा निसर्गनियमच आहे, उत्क्रांतीपेक्षा जुना. त्या दिवशी कोण म्हणालं का की तुम्ही भूगर्भशास्त्र मानता ना, मग ढिगाऱ्याखालची माणसं कशाला काढताय, पडू द्या की नियमानं? नाही म्हणालं. माणसं काढली, वस्त्या परत उभ्या केल्या. एखादी गोष्ट कशी घडते हे कळणं वेगळं आणि ती घडत असताना आपण काय करायचं हे ठरवणं वेगळं, आणि दुसरं पहिल्यातनं आपोआप निघत नाही, विज्ञानाचा कुठलाच नियम आपल्याला हात बांधून बसा असं सांगत नाही. आणि कोयनेच्या बाबतीत तर अजून एक गोम आहे, बरेच शास्त्रज्ञ म्हणतात की तो भूकंप कोयना धरणाचा शिवाजीसागर जलाशय भरल्यामुळं, त्या पाण्यामुळं चाळवला गेला. म्हणजे निसर्गनियम तोच पण काडी माणसानं लावली. आज प्राणी-वनस्पती नामशेष होतायत त्यातला मोठा भाग अगदी असाच आहे.

ह्यावर एकजण दुकानात म्हणाला की अहो माणूस पण निसर्गातच आला ना, मग माणूस करतो ते पण नैसर्गिकच. बरं, धरू नैसर्गिक. मग भेसळ पण नैसर्गिक, गोठ्याला लावलेली आग पण नैसर्गिक, आणि वाघ वाचवायची इच्छा पण माणसालाच झालीय तर ती पण नैसर्गिकच धरा की. असा शब्द घेऊन काय करायचा ज्यात सगळंच बसतं.

पत्रात एक वाक्य होतं की आजवर जगात आलेल्या शंभरातल्या नव्याण्णव प्रजाती गेल्याच आहेत, मग अजून चार गेल्या तर काय. पहिलं अर्धं वाक्य बरोबर आहे. पण वेग बघा ना. एरवी एक प्रजाती साधारण दहा लाख ते एक कोटी वर्षं टिकते, आणि सध्या जायचा वेग नेहमीच्या शेकडो पट झालाय असा तज्ज्ञांचा अंदाज आहे, २०१९ ला संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्यानं झालेल्या अहवालात दहा लाख प्रजाती धोक्यात आहेत असं सांगितलं. सगळी माणसं मरतातच म्हणून गावात एका आठवड्यात पन्नास गेली तर सरपंच गप्प बसेल का, साथ आली म्हणून पळेलच.

आणि मोठा विनाश म्हणजे काय हे साताऱ्याच्या माणसाला कुणी वेगळं सांगायला नको, आपण त्याच्यावरच राहतो. खंबाटकीत नाहीतर कुंभार्ली घाटात गाडी थांबवून डोंगराकडं बघा, एकावर एक आडवे पट्टे दिसतात, ते लाव्ह्याचे थर, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे. त्याच सुमाराला तिकडं मेक्सिकोत उल्का पडली, इकडं दख्खन पेटलेली, आणि डायनासोर गेले. जीवसृष्टी त्यातनं सावरली हे खरं, आपण त्या सावरण्यातनंच आलो, पण सावरायला लाखो वर्षं लागली. नवीन प्रजाती होतील की, असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा डोक्यात ठेवावा, नातवाच्या लग्नाला त्या येणार नाहीत. आणि गंमत बघा, त्या विनाशातनं जी कुळं वाचली त्यात मगरीचं कूळ होतं. डायनासोर गेले त्यातनं जी तरली ती मगर आज भिलवडी-औदुंबरच्या कृष्णेत वाळूउपसा, काठावरचे मोटारपंप आणि कारखान्याच्या मळीत श्वास धरून आहे. तिला नालायक म्हणायची माझी तरी छाती नाही.

आता आमच्याकडचं एक उदाहरण जवळनं सांगतो कारण ते पुस्तकातलं नाही, म्हणजे पुस्तकात गेलंय पण घडलंय इथं. चाळकेवाडीचं पठार, पवनचक्क्यांचं. पवनचक्की म्हटलं की आपण समजतो धूर नाही, घाण नाही, मस्त. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या लोकांनी तिथं काम केलं, २०१८ ला ते छापून आलं. त्यांनी बघितलं की चक्क्यांच्या भागात कापशीसारखे शिकारी पक्षी बाजूच्या बिनचक्कीच्या भागाच्या जवळपास चौपट कमी आहेत. मग ज्यांना हे पक्षी खायचे ते सरडे वाढले. हा सरडा पण साधा नाही, सारडा सुपर्बा म्हणून, २०१६ ला त्याला शास्त्रीय नाव मिळालं, नर गळ्याखाली पंखा उघडतो तेव्हा निळा, काळा, केशरी असे रंग दिसतात, विणीच्या दिवसांत दगडावर चढून पंखा उघड-मिट करत बसलेला असतो, उन्हात बघाल तर बघत राहाल. तर चक्कीखालचे सरडे माणूस पार जवळ आला तरी पळत नाहीत, त्यांच्या रक्तातलं भीतीचं हार्मोन कमी, आणि नरांचे रंग फिके. पक्षी नाहीत म्हणून भीती नाही, सरडे जास्त म्हणून खाण्याची ओढाताण, म्हणून रंग फिके, असा साधारण त्यांचा निष्कर्ष. ह्याला लगेच कुणी उत्क्रांती झाली म्हणू नका, तेवढं अजून झालेलं नाही. पण शेकडो पिढ्या ज्या पक्ष्याच्या नजरेनं कुठला सरडा जगणार हे ठरवलं तो पक्षीच उठून गेला, आता दुसरंच काहीतरी ठरवणार. सरडा एकटा वाचवून सरडा वाचत नाही, त्याला खाणारा पण वाचवावा लागतो. हे उत्क्रांती न मानता मला समजावून दाखवा कुणीतरी.

कास पण तसंच. लोक सप्टेंबरात फुलांचा गालिचा बघायला येतात, सेल्फी काढतात, जातात, येऊ देत, आमच्या लोकांना चार पैसे मिळतात. पण ते पठार म्हणजे जांभ्या दगडाचा सडा, वर माती काही ठिकाणी चार बोटं, पावसाळ्यात पाण्यात उभा आणि उन्हाळ्यात तव्यासारखा तापलेला. अशा जागी जे तगलं ते तिथलंच झालं, खाली जाऊन जगत नाही आणि खालचं वर येऊन जगत नाही, समुद्रातल्या बेटावर होतं तसं. वायतुरा बघा, साचलेल्या पाण्यातनं एक दांडा वर येतो आणि वर दोन फाट्यांत फुटतो, नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं, खाली छोटा कंद, पाऊस संपला की वरचं सगळं वाळून जातं आणि कंद त्या बोटभर मातीत पुढच्या जूनची वाट बघत पडतो. साताऱ्याच्या नावानं शास्त्रीय नाव आहे त्याचं आणि ह्या सह्याद्रीच्या पट्ट्याबाहेर जगात कुठं नाही. एका हॉटेलवाल्यानं पार्किंगसाठी जेसीबी फिरवला की बोटभर मातीला किती वेळ लागतो? दुपारपर्यंत काम होतं. ती झाडं ‘स्पर्धेत हरली’ असं म्हणायचं का मग, जेसीबीबरोबर स्पर्धा?

आता थोडं साहेबांच्या बाजूनं पण बोलतो, कारण त्यांच्या प्रश्नात एक खरा काटा आहे, त्यांनी तो चुकीच्या जागी टोचला एवढंच. सगळं बदलतच असतं तर आपण ‘जसं आहे तसं’ जपून नेमकं काय जपतो? कासलाच हा प्रश्न आला, कुंपण घातलं तेव्हा वाद झाला की शेकडो वर्षं तिथं गुरं चरत होती, गवत खाल्लं जायचं म्हणून बारक्या फुलांना ऊन मिळायचं, गुरं बंद केली आणि गवत माजलं तर? म्हणजे निसर्ग कपाटात ठेवायची भांडी नव्हेत. राखायचं म्हणजे त्याला बदलायला जागा आणि वेळ शिल्लक ठेवायचा, आणि हे पुन्हा उत्क्रांती समजणाऱ्यालाच जमतं. आता वाघिणीचंच घ्या. साहेब विचारतात ताडोब्याहून वाघीण आणायचा खटाटोप कशाला. सह्याद्रीत नर वाघ दक्षिणेकडनं, गोवा-कर्नाटकच्या जंगलपट्ट्यातनं चालत येतात, पण वस्ती व्हायची तर मादी पाहिजे, आणि बाहेरचं रक्त पाहिजे. कुठलाही शहाणा शेतकरी त्याच वळूच्या कालवडीला तोच वळू लावत नाही, तसंच हे. ओडिशात सिमिलीपालचे वाघ बाकीच्यांपासून तुटले, आपापसांत वीण होत राहिली आणि तिथं पट्टे फुगून काळे दिसणारे वाघ वाढले, बाहेर एरवी जवळपास दिसत नाहीत असे. फोटोला छान दिसतात, पण ती कोंडी झाल्याची खूण आहे. अमेरिकेत फ्लोरिडाच्या पँथरचं त्याच्या पुढं गेलं होतं, वीस-तीस उरले, शेपट्या वाकड्या, हृदयात दोष, मग १९९५ ला टेक्सासहून आठ माद्या आणून सोडल्या आणि त्यांची संख्या सावरली. उत्क्रांतीचं ज्ञान वापरूनच हे होतं, ती बाजूला ठेवून नाही.

डार्विनचं नाव घेऊन हे सगळं चाललंय तर त्या माणसानं स्वतः काय केलं ते पण सांगतो. हिंदी महासागरात मॉरिशस, रियुनियन, रॉड्रिग्स इथली महाकाय कासवं जहाजवाल्यांनी खाऊन संपवली होती, अल्डाब्रा बेटावर तेवढी उरली होती, तिथं लाकूडतोडीचा बेत होता. १८७४ ला इंग्लंडमधल्या काही शास्त्रज्ञांनी मॉरिशसच्या गव्हर्नरला अर्ज लिहिला की ही कासवं राखा, आणि त्या अर्जावर सही करणाऱ्यांत चार्ल्स डार्विन होता. त्याचं उत्क्रांतीचं पुस्तक येऊन तोवर पंधरा वर्षं झाली होती, म्हणजे आपला सिद्धांत काय आहे हे त्याला माहीत असावं असं धरायला हरकत नाही. आज अल्डाब्रावर लाखभर कासवं आहेत.

आणि उलट बाजूनं, राखायला उत्क्रांती मानायलाच पाहिजे असंही नाही. आमच्या भागात देवराईतली फांदी तोडायला माणूस आजही दहा वेळा विचार करतो, त्यानं डार्विनचं नाव ऐकलेलं नसतं, देव कोपेल एवढंच माहीत असतं, आणि त्या देवराईत आज जी झाडं उरलीत ती त्याच्यामुळं उरलीत. मला त्याच्याशी भांडायचं नाही, त्यानं माझ्याशी भांडू नये. आपल्या घटनेत मूलभूत कर्तव्यं आहेत कलम ५१अ मध्ये, त्यात वनं, नद्या, वन्यजीव राखा आणि प्राणिमात्रांवर दया करा असं एक कर्तव्य आहे, आणि त्याच्या लगेच खालच्या ओळीत वैज्ञानिक दृष्टी वाढवा हे दुसरं. लिहिणाऱ्यांना ह्या दोघांत भांडण दिसलं नाही, शेजारी शेजारी घातली. आपल्या बोर्डाच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलाच धडा आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा आहे, पोरांनी तो मार्कांसाठी पाठ न करता गोठ्यात जाऊन गोचीड बघत वाचला तर असली पत्रं कमी येतील.

आता खरं भांडण कुठंय ते बोलू, कारण मला वाटतं साहेबांच्या पोटात दुखतंय तिथं आणि ओवा ते डार्विनला मागतायत. वाघ राखायचा तर कुणाच्या खर्चानं? कोयनेच्या पाण्यासाठी माणसं उठली, मग अभयारण्यासाठी, चांदोली राष्ट्रीय उद्यानासाठी, मग २०१० ला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला तेव्हा परत गावं हलवायच्या याद्या. पुण्या-मुंबईत वाघाचा फोटो लाइक करणाऱ्याचं घर त्यात नाही. माझ्या गिऱ्हाईकांत असे आहेत ज्यांच्या भातात रात्रीत गव्यांचा कळप बसून गेला, सकाळी पंचनाम्याला फोन लावला तर साहेब मीटिंगमध्ये, भरपाई आली ती बियाण्याच्या खर्चाला पण पुरंना. तिकडं सांगली भागात नदीत म्हशी धुवायला उतरणाऱ्या माणसाला मगर शेड्यूल एकमध्ये, म्हणजे वन्यजीव कायद्यानं सगळ्यात जास्त राखलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे हे सांगून काय उपयोग, त्याला काठावर जाळीचा घाट बांधून पाहिजे. हा राग खरा आहे आणि तो बोललाच पाहिजे. पण तो ‘उत्क्रांती मानता तर वाघ मरू द्या’ असा बोललात तर भरपाई न देणाऱ्यालाच सुटका मिळते, कारण मग चर्चा डार्विनवर होते आणि पंचनाम्याचा कागद तिथंच टेबलावर राहतो.

काहीजण विचारतील की गिधाडं गेली तर गेली, आपलं काय अडलं. अडलं. मढी तशीच पडून राहायला लागली, भटकी कुत्री वाढली, पाण्यात घाण गेली, २०२४ ला दोन अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला की गिधाडं नाहीशी झाल्यामुळं २००० ते २००५ ह्या काळात भारतात वर्षाला लाखभर जादा माणसं मेली असावीत. अंदाज आहे, कमी-जास्त असेल. मला स्वतःला हा उपयोगाचा मुद्दा शेवटचा वाटतो, चाळकेवाडीच्या सरड्याचा मला काडीचा उपयोग नाही तरी तो असावा असं वाटतं, पण ज्यांना हिशेबाशिवाय पटत नाही त्यांच्यासाठी लिहिलं.

तुमच्याकडं एक मागणं आहे. तुमच्या शेतीच्या पानावर जनावरांच्या पेनकिलरची एक चौकट छापा. डायक्लोफिनॅक २००६ पासून बंद, किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक २०२३ पासून बंद, निमेसुलाईड आता अलीकडं बंद केलंय, आणि त्याऐवजी गिधाडांना चालणारी दोन आहेत, मेलॉक्सिकॅम आणि टॉल्फेनॅमिक ॲसिड, दोन्ही सहज मिळतात, किंमतीत पण आता फार फरक राहिलेला नाही, डॉक्टरांना विचारूनच टोचा. अजूनही जुन्या चिठ्ठ्या घेऊन लोक येतात आणि इथं नाही मिळालं की पुढच्या दुकानात जातात. जागा कमी पडत असेल तर माझं वरचं पत्र कुठनंही कापा, पण ती चौकट छापा.

आपला,
जनावरांच्या औषधांचा एक दुकानदार
पाटण, जि. सातारा